शिकारखान्यापासून कात्रजपर्यंत : पुण्याच्या प्राणिसंग्रहालयाचे विवेचन

वन्य प्राणी पाळून लोकांना दाखवण्याची पुण्याची परंपरा सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे. ती तीन जागी नांदली. पहिली जागा पर्वतीच्या पायथ्याचा पेशव्यांचा शिकारखाना, दुसरी सारसबागेला लागून असलेले पेशवे पार्क आणि तिसरी आजचे कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. या तिन्ही जागांचा संबंध आंबील ओढ्याच्या पाण्याशी आहे. ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी नळाने शहरातल्या हौदांत आणले. त्याच ओढ्याच्या पाण्यावर पर्वतीखालचा तलाव झाला, आणि तो तलाव पुढे बुजून त्या जागी सारसबाग व तिच्या शेजारची उद्याने उभी राहिली. म्हणजे शहराची वस्ती वाढत गेली तसे प्राणी ओढ्याच्या उगमाकडे सरकत गेले.

जागा बदलताना प्राणी ठेवण्यामागचा हेतूही बदलला. हा बदल पुरता झाला आहे का, आणि प्राणिसंग्रहालयाची योग्यता कोणत्या मापाने मोजायची, हा या विवेचनाचा विषय आहे. माझे प्रतिपादन असे की ज्या प्राण्याभोवती सर्वाधिक गर्दी होते तो शास्त्रदृष्ट्या बहुधा सर्वांत कमी मोलाचा असतो. कात्रजचे खरे वैभव तिथल्या वाघांत नसून सापांत आहे. या उद्यानाची सुरुवातच सापांपासून झाली, ही गोष्ट त्याचे मूल्यमापन करताना केंद्रस्थानी ठेवली पाहिजे.

शिकारखाना

सवाई माधवरावांच्या काळातील शिकारखान्याचा एक उत्तम पुरावा कागदपत्रांत नाही, चित्रात आहे. गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्याने वेरूळ-कार्ल्याच्या लेण्यांची रेखाचित्रे काढली. नोव्हेंबर १७९० मध्ये त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला एकशिंगी गेंडाही रेखाटला. हे चित्र आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. जर्मन चित्रकार ड्यूररने १५१५ मध्ये काढलेला गेंडा जगप्रसिद्ध आहे, पण ड्यूररने तो प्राणी कधी पाहिलाच नव्हता. ऐकीव वर्णनावरून काढताना त्याने गेंड्याच्या मानेच्या मुळाशी एक जादा शिंग बसवले, आणि युरोपातली पुस्तके पुढे दोनएक शतके तेच चित्र गिरवत राहिली. गंगारामाचा गेंडा मात्र समोर उभा होता. पुण्यातल्या एका तांबटाने हिमालयाच्या पायथ्याचा प्राणी डोळ्यांनी पाहून कागदावर उतरवला, याला मी आपल्याकडच्या प्राणिनिरीक्षणाच्या इतिहासात मानाचे स्थान देईन.

तरीही शिकारखाना म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे. गेंडा सह्याद्रीतला प्राणी नाही, तो शेकडो कोसांवरून आणावा लागतो, आणि अशा दुर्मीळ जनावराने धन्याचे वैभव दिसते. पाळण्याचे प्रयोजन तेवढेच होते. त्या प्राण्याचा वंश पुढे चालावा ही कल्पना राजेरजवाड्यांच्या जनावरखान्यांत जवळपास नव्हतीच. याचा परिणाम चित्त्याच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसतो. काळवीट धरण्यासाठी चित्ते पाळण्याची पद्धत मोगलांपासून कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या काळापर्यंत आणि त्यानंतरही चालू राहिली. पण बंदिवासात चित्त्याची पिल्ले होत नसत. जहांगीराने आपल्या आठवणींत अशी पिल्ले झाल्याची नोंद एक नवल म्हणूनच केली आहे. त्यामुळे पाळलेला प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला असे, तो मेला की दुसरा धरावा लागे. हा उपसा शतकानुशतके चालला. त्यातच माळराने शेताखाली गेली, काळवीट घटले, बंदुका आल्या. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. ज्या पाळणुकीत प्रजोत्पत्ती नाही, ती रानाला रिकामे करते. आजही एखादे प्राणिसंग्रहालय पाहताना विचारण्याचा पहिला प्रश्न हाच आहे : इथला प्राणी आला कुठून?

पेशवे पार्क

पुणे महानगरपालिकेने १९५३ मध्ये पेशवे पार्कातले प्राणिसंग्रहालय सुरू केले. १९५६ पासून तिथे फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी धावू लागली, आणि पुण्याच्या दोन-तीन पिढ्यांच्या बालपणाशी ही बाग जोडली गेली. आता धनी बदलला होता. पेशव्यांच्या जागी शहरातली मुले आली. हा बदल लहान नव्हता. एखाद्या गिरणी कामगाराच्या किंवा कारकुनाच्या मुलाला जिवंत वाघ पाहता येणे ही लोकशाहीने दिलेली गोष्ट होती, आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

पिंजरा मात्र बदलला नाही. जाड लोखंडी गज, सिमेंटची फरशी आणि मागे अंधारी खोली ही रचना जगभर रूढ होती. तिची कारणे व्यवहारातली होती. फरशी धुता येते, रोग कमी पसरतात, प्राणी लपू शकत नाही, म्हणून प्रेक्षकाला तो हमखास दिसतो. यातले शेवटचे कारणच घातक आहे. स्वित्झर्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की प्रत्येक वन्य प्राण्याचे शत्रूपासून पळ काढण्याचे एक ठरावीक अंतर असते. माणूस त्या अंतराच्या आत आला आणि पळायला वाट नसली, की प्राण्याच्या शरीरातली घबराट शमत नाही. चार पावलांच्या पिंजऱ्यात हे अंतर कधीच मिळत नाही. मग वाघ गजांच्या कडेने एकाच रेषेत येरझाऱ्या घालतो, अस्वल मान हलवत राहते, हत्ती जागच्या जागी झुलतो. प्रेक्षकाला यात चपळाई दिसते, हत्ती तर नाचतो आहे असेच वाटते. वस्तुतः दिवसाचे तास भरून काढण्याजोगे काहीच उरले नसल्याची ही खूण आहे. रानातला वाघ भक्ष्य शोधण्यात, सीमा हुंगण्यात, पाण्यात बसण्यात, विसावण्यात दिवस घालवतो. पिंजऱ्यात यातले फक्त विसावणे उरते.

यावरचा उपायही जुनाच होता. हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये गज काढून टाकून खंदकांचे प्राणिसंग्रहालय उघडले. आपल्याकडे ही दृष्टी कायद्यात यायला वेळ लागला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली, १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, आणि तेव्हापासून मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येईनासे झाले. जागा, रात्रीचा निवारा, पशुवैद्य, आजारी प्राण्यांसाठी वेगळी सोय यांचे निकष आले. शहराच्या ऐन मध्यावर, चहूबाजूंनी रस्त्यांनी वेढलेल्या पेशवे पार्काला हे निकष पेलणे शक्यच नव्हते. प्राणी टप्प्याटप्प्याने कात्रजला गेले. २००५ पर्यंत पेशवे पार्कातले प्राणिसंग्रहालय पूर्ण बंद झाले आणि तिथे ऊर्जा उद्यान झाले. जुन्या पुणेकरांना याची हळहळ वाटते, पण तो निर्णय योग्यच होता.

सापांनी घातलेला पाया

कात्रजचे सर्पोद्यान १९८६ मध्ये सुरू झाले. प्राणिसंग्रहालय लोकांसाठी खुले झाले १९९९ मध्ये. बहुतेक ठिकाणी मोठ्या प्राणिसंग्रहालयाच्या कोपऱ्यात सापांचे एक दालन असते. कात्रजला क्रम उलटा आहे. सर्पोद्यान आधी झाले आणि त्याच्या भोवती प्राणिसंग्रहालय वाढले.

या सर्पोद्यानामागे नीलिमकुमार खैरे यांची चिकाटी होती. १९८० मध्ये त्यांनी पुण्यात ७२ विषारी सापांसह ७२ तास एका काचेच्या खोलीत काढले. हा विक्रम गाजला तो धाडस म्हणून. मला त्याचे महत्त्व वेगळे वाटते. साप माणसाच्या मागे लागत नाही, त्याला दुखावले किंवा कोंडीत धरले तरच तो चावतो, हे विधान पुस्तकात वाचून पटत नाही. ७२ तासांच्या त्या प्रयोगाने ते हजारो लोकांसमोर सिद्ध झाले. त्या काळी साप दिसला की काठी शोधायची, हीच रीत होती. सर्पमित्राला फोन करण्याची सवय महाराष्ट्राच्या शहरांत आणि गावांत पुढे रुजली, तिच्यामागे अशा कामांचा वाटा मोठा आहे.

भारतात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावतात, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. मरणारे बहुतेक खेड्यातले, शेतात राबणारे आणि जमिनीवर झोपणारे असतात. यांतले बहुसंख्य मृत्यू मोजक्या जातींच्या सापांमुळे होतात. महाराष्ट्रात त्या प्रामुख्याने चार आहेत : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. मुंबईच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी घोड्यांच्या रक्तापासून बनणारी प्रतिसर्पविष लस याच चौघांच्या विषावर तयार केलेली असते. म्हणून हे चार साप आणि त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी साप शेजारी शेजारी ठेवून पाहणे हे प्रत्येक मराठी माणसाच्या शिक्षणाचा भाग असायला हवे. कात्रजला ते करता येते.

मण्यार आणि कवड्या यांचेच उदाहरण घ्या. दोघेही निशाचर, दोघेही घरात शिरणारे, दोघांच्याही अंगावर आडवे पांढरट पट्टे. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक असतात आणि मानेकडे पुसट होत जातात. कवड्याचे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरतात. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरचे खवले बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठे आणि षट्कोनी असतात. चूक जीवघेणी ठरते, कारण मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही. झोपेत चावली तर पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि साप चावला हे घरच्यांना कळायच्या आधी श्वास मंदावलेला असतो. घोणशीचे विष याउलट रक्तावर चालते. सूज येते, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. घोणशीला लोक अजगराचे पिल्लू किंवा डुरक्या घोणस समजून हातात धरतात, हेही नेहमीचे. धामण तर नागाच्या नावावर मारली जाते. एका धामणीमुळे शेतातले किती उंदीर कमी होतात याचा विचार केला, तर हे नुकसान शेतकऱ्याचेच आहे. मांडुळाची गोष्ट आणखी दुःखद आहे. त्याची शेपटी तोंडासारखी बोथट असते, एवढ्यावरून त्याला दुतोंड्या ठरवून गुप्तधनाच्या आशेने त्याची चोरटी विक्री होते.

नागराज हा सर्पोद्यानातला मानाचा प्राणी. नावात नाग असला तरी तो नाग नव्हे; कूळ एकच असले तरी त्याची जात वेगळी आणि आहारही वेगळा : तो मुख्यतः इतर साप खातो. पालापाचोळ्याचे घरटे करून त्यात अंडी घालणारा हा एकच साप. पश्चिम घाटातल्या नागराजाला २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी स्वतंत्र जात म्हणून वेगळे केले. याचा परिणाम प्राणिसंग्रहालयांवर थेट होतो, कारण देशाच्या दुसऱ्या टोकाचा नागराज आणि घाटातला नागराज यांची जोडी लावणे आता चुकीचे ठरेल.

मगरीचाही इथे उल्लेख करायला हवा. मगरीच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हे घरट्याच्या तापमानावर ठरते. बत्तीस अंशांच्या आसपास नर अधिक होतात, त्याहून बऱ्याच कमी तापमानाला माद्या. प्रजोत्पत्ती केंद्रातल्या माणसाने वाळूचा थर जाड की पातळ ठेवला यावर पुढची पिढी अवलंबून असते. अशी माहिती मगरीच्या तळ्यापाशी मोठ्या अक्षरांत लावली, तर लोक तिथे जास्त वेळ थांबतील.

खंदक, रात्रीचा निवारा आणि एक बिबट्या

कात्रजचा परिसर सुमारे १३० एकरांचा आहे आणि त्यातले सुमारे ४२ एकर तलावाने व्यापले आहेत. वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, सांबर, चितळ, काळवीट हे इथले मुख्य रहिवासी. मोठ्या मांसभक्षकांसाठी खंदकाची रचना आहे. खंदकात कठडा प्रेक्षकाच्या बाजूला असतो आणि उतार प्राण्याच्या बाजूला, त्यामुळे मधले अंतर दोघांनाही मिळते. आत झाडे, झुडपे आणि पाणी असल्याने वाघ कधी कधी दिसतच नाही. प्रेक्षक नाराज होतात. मी याला उद्यानाचे यश मानतो. लपता येणे हा प्राण्याचा हक्क आहे, आणि तो मिळाला की येरझाऱ्या कमी होतात.

प्रेक्षकाला न दिसणारा भाग मात्र याहून महत्त्वाचा. रात्री प्राणी मागच्या खोलीत जातो, तिथे त्याला खायला मिळते, तिथेच राखणदार त्याची चाल, विष्ठा आणि भूक पाहतो. आजाराची पहिली खूण बहुधा पशुवैद्याआधी राखणदाराला कळते. अनेक भारतीय प्राणिसंग्रहालयांत मांसभक्षकांना आठवड्यातून एक दिवस उपास असतो, कारण रानात रोज शिकार साधत नाही आणि रोजच्या खाण्याने चरबी साठते.

मार्च २०२४ मध्ये कात्रजला एक बिबट्या निसटला. हंपीहून आणलेला हा नर दीडएक दिवस सापडेना आणि शेवटी उद्यानाच्या आवारातच मिळाला. शहरात भीती पसरली होती, ती साहजिकच. पण शास्त्रदृष्ट्या या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. बिबट्या हा उत्तम चढणारा आणि अंग आक्रसून अरुंद फटीतून निघणारा प्राणी. वाघाला पुरेसा ठरणारा बंदोबस्त त्याला पुरत नाही, त्याच्या घराला छत आणि बारीक जाळी लागते. दुसरी गोष्ट त्याच्या स्वभावाची. मोकळा असूनही त्याने माणसावर हल्ला केला नाही, तो दडून बसला. जुन्नरच्या उसात माणसांच्या शेजारी राहणाऱ्या बिबट्यांचा अभ्यास विद्या अत्रेय यांनी केला, त्यातूनही हेच दिसले की बिबट्या माणूस टाळतो, आणि त्याला पकडून दूर सोडण्याने संघर्ष मिटण्याऐवजी वाढतो. पुणे जिल्ह्याला बिबट्याविषयी शिकवणारे केंद्र कुठले असावे, तर ते कात्रजच.

पांढरा वाघ आणि वंशावळीची वही

कात्रजच्या गर्दीला पांढऱ्या वाघाचे आकर्षण कायम मोठे राहिले आहे. मे १९५१ मध्ये रेवा संस्थानच्या रानात महाराजा मार्तंडसिंहांनी एक पांढरा बच्चा पकडला. त्याचे नाव मोहन. नेहमीच्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला झालेली पिल्ले पिवळीच निघाली. मग त्याच्या लेकीशी, राधाशी, त्याची जोडी लावली, आणि १९५८ मध्ये पांढरी पिल्ले जन्मली. आजचे बहुतेक सगळे पांढरे वाघ मोहनचे वंशज आहेत. रंगाचे कारण २०१३ मध्ये कळले : एका जनुकातल्या एकाच बदलामुळे पिवळे-तांबूस रंगद्रव्य तयार होत नाही, काळे मात्र होते, म्हणून पट्टे टिकतात. हा गुण अप्रभावी आहे, दोन्ही पालकांकडून आला तरच दिसतो. तो टिकवायचा तर नात्यातच जोड्या लावाव्या लागतात. त्याची किंमत पिल्ले मोजतात, कमकुवत शरीराने आणि तिरळ्या डोळ्यांनी; तिरळेपणा दृष्टीचे मज्जातंतू मेंदूकडे चुकीच्या वाटेने गेल्यामुळे येतो. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही, रानात त्याला सोडता येत नाही, आणि त्याची पैदास करून वाघाच्या संवर्धनाला काहीही मिळत नाही. असलेल्या पांढऱ्या वाघाची उत्तम देखभाल करावी, त्याला सुखाने म्हातारा होऊ द्यावे आणि नवी पैदास थांबवावी. गर्दी घटेल म्हणून हा निर्णय टाळणे मला मान्य नाही.

सिंहांच्या बाबतीत देशाने हा धडा फार महाग घेतला. काही प्राणिसंग्रहालयांत आशियाई आणि आफ्रिकी सिंहांचा संकर झाला. तो जनुकीय तपासणीत उघड झाला आणि त्या संकरित सिंहांचे प्रजनन थांबवावे लागले. असे होऊ नये यासाठीच वंशावळीची वही लागते. कोणता प्राणी कुठे जन्मला, त्याचे आई-बाप कोण, तो कोणत्या उद्यानात गेला, याची नोंद तिच्यात असते, आणि जोडी या वहीवरून ठरते. प्रेक्षकाला ती कधी दिसत नाही. माझ्या मते प्राणिसंग्रहालयाची प्रत ठरवायला तिच्याइतके चांगले साधन नाही.

तलाव आणि पुढचे काम

कात्रजचा तलाव पेशव्यांनी पिण्याच्या पाण्यासाठी बांधला. आज वरच्या उतारांवर वस्ती दाटली आहे, सांडपाणी पाण्यात उतरते आणि जलपर्णी माजते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेल्या पुराने शहरात हाहाकार केला आणि पुण्यात वीसहून अधिक माणसे गेली. त्याची कारणे ओढ्याच्या संपूर्ण पाणलोटात, बुजवलेल्या पात्रात आणि उघड्या बोडक्या डोंगरात आहेत. प्राणिसंग्रहालय त्याच पाणलोटात बसले आहे. तलावाची निगा हे बागकाम मानून चालणार नाही. तो प्राण्यांच्या आरोग्याचा आणि शहराच्या सुरक्षिततेचा भाग आहे.

उद्यानाने पुढे कुठले प्राणी घ्यावेत, यावर माझे मत पक्के आहे. जगभरातले देखणे प्राणी आणण्यापेक्षा पुणे जिल्ह्याची माळराने दाखवावीत : लांडगा, खोकड, तरस, चिंकारा. सासवड-बारामतीच्या माळावर लांडगा अजून आहे, पण तो पाहिलेला पुणेकर विरळा. त्याच्या घरासाठी गवताळ चढ, बिळासाठी माती आणि लपायला झुडपे पुरेत. महागडी वातानुकूलित दालने लागत नाहीत. सर्पोद्यानातल्या जखमी आणि अनाथ प्राण्यांच्या केंद्राला जास्त माणसे आणि जास्त जागा द्यावी, कारण शहरात सापडणाऱ्या घार-घुबड-उदमांजरांना अशा केंद्राची गरज असते. आणि प्रत्येक सापाच्या काचेपाशी, दंश झाल्यावर काय करायचे व काय करायचे नाही, हे लिहिलेले असावे : आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये, माणसाला हलू न देता लस असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे.